माझ्या मुलाचा कोरा रकाना

माझ्या मुलाचं नाव गावच्या शाळेत घातलं त्या दिवशी मी तिथं नव्हते. वरच्या आळीतल्यांच्या खाचरात भाताची लावणी चालली होती आणि मी चिखलात उभी होते. मालक, म्हणजे माझा नवरा, एकटेच मुलाला घेऊन गेले. गुरुजींनी नाव विचारलं, मालकांनी सांगितलं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, गुरुजींनी एक जून टाकली. धर्म विचारला, बौद्ध सांगितला. मग जात विचारली. मालक म्हणाले, "ती आमी टाकली. लिवू नगा." गुरुजींनी पुन्हा विचारलं, मालकांनी पुन्हा तेच सांगितलं. रकाना कोरा राहिला.

संध्याकाळी त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. मी चौथी शिकलेली आहे. माझ्या दाखल्यावर महार हा शब्द आहे. मुलाच्या दाखल्यावर तो नसणार, याचा मला आनंद झाला होता. ती चूक होती हे कळायला नातीला बारावी पास व्हावं लागलं, आणि तोवर मालक जाऊन पाच वर्षं झाली होती.

नातीला नर्स व्हायचं होतं. मार्क चांगले पडले आणि सरकारी नर्सिंग कॉलेजात राखीव जागेवर तिचा नंबर लागला. कॉलेजने लिहून घेतलं की जातीच्या पडताळणीचा कागद दिवाळीच्या सुट्टीआधी आणून देऊ, नाही दिला तर जागा सोडू. नातीने सही केली, तिच्या आईने सही केली. खासगी कॉलेजात घालायची आमची ऐपत नव्हती. कागद आला तर पोरगी नर्स, नाही आला तर पोरगी घरी.

आमच्या घरात कागदाचं काम सुनेचं आणि दगडाचं काम मुलाचं. हे असं का आहे ते आधी सांगते.

मुलगा सातवीपर्यंत शिकला. दगड अंगावर येऊन मालकांचा पाय मोडला, त्या वर्षी त्याची शाळा सुटली. तेव्हापासून तो बिगारी. शेताला बांध घालायचे, पाये खणायचे, वलवणला आणि लोणावळ्यात बंगल्यांच्या कुंपणाच्या भिंती रचायच्या. दगड हातात घेऊन एकदा फिरवला की तो कुठल्या बाजूने बसेल ते त्याला कळतं. माणसांशी तो फार बोलत नाही.

सून देहूरोडची. तिचे वडील लष्कराच्या डेपोत कायम नोकरीला होते. बारावी झालेली पोरगी बिगाऱ्याला कशी दिली, असं लोक अजून विचारतात. तिची अट होती की लग्नानंतर डी.एड. करणार. नोकरदार मुलांच्या आयांनी ती अट ऐकली आणि चहाचे कप खाली ठेवले. मीही ठेवला असता. पण मुलगा तिथंच म्हणाला, "शिकू द्या की. मला काय अडचन न्हाई." सबंध बैठकीत तो एवढंच बोलला आणि लग्न ठरलं. मला पटलं नव्हतं. सून शिकायला जाणार आणि चूल माझ्याच गळ्यात राहणार, असं मला वाटलं होतं, आणि दोन वर्षं तसंच झालं.

त्या दोन वर्षांत मुलगा लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर लागला, कारण तिथं पावसातही काम असतं. गुळाचा पाक घोटताना उडालेल्या थेंबांचे डाग त्याच्या मनगटांवर अजून आहेत. सून शिक्षिका झाली, आणि गावाने दोघांवर एक जोडणी केली: "बाई पगारी, बुवा बिगारी." पारावरून जाताना कुणी ना कुणी म्हणायचंच. मुलगा तिला गाडीवरून शाळेत सोडायचा, पण फाटकापर्यंत जायचा नाही, अलीकडच्या वळणावर थांबायचा. अंगावर सिमेंट असतं, म्हणायचा. सुनेने पुष्कळदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. दोन वर्षांपूर्वी तिची बदली आमच्याच गावच्या शाळेत झाली आणि मुख्याध्यापिकेचं कामही तिच्याकडे आलं. तेव्हापासून ती चालत जाते.

पडताळणीला बापाकडच्या कुणाचा तरी जुना सरकारी कागद लागतो, ज्यात जात लिहिलेली आहे. घरात कागद कमी नव्हते. सुनेची स्वतःची पडताळणी झालेली होती, तिच्या वडिलांच्या नोकरीच्या कागदावरून. तो कागद पोरीला चालत नव्हता, कारण जात बापाकडून धरतात. माझा चौथीचा दाखला होता. तोही चालत नव्हता, कारण मी दुसऱ्या घरातून आलेली. आम्हा दोन बायांचे कागद पेटीत पडून राहिले. ज्याचा चालला असता त्याचा रकाना कोरा. मालक तीन इयत्ता शिकले होते, पण शाळेतल्या त्यांच्या वेळच्या नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या होत्या.

नातीचाही रकाना कोराच होता, हे मला तेव्हा कळलं. नात शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा सून डोंगराकडच्या एका वाडीवर शिकवायची. पोरीचं नाव तिने स्वतःच्या हाताने त्या शाळेत घातलं होतं. मी म्हणाले, "तू शिकवनारी. तुला कळलं न्हाई?"

"कळलं होतं, आत्या," ती म्हणाली. "पण आबा समोर बसले होते."

मालक समोर बसले की काय व्हायचं ते मला माहीत आहे.

वडगावला तालुक्याच्या कचेरीत मुलाचा शाळेचा दाखला दाखवला. आतल्या बाईने बोट ठेवून विचारलं, इथं जात कुठे आहे. मुलाने सांगितलं, लिहिली नाही. ती म्हणाली, मग मी काय वाचू? तिचं बरोबर होतं. आम्ही बाहेर आलो. बाहेर झाडाखाली एक दाखले काढून देणारा माणूस टेबल मांडून बसायचा. त्याने आमचा कागद मागून घेतला, उलटसुलट पाहिला आणि मुलाला विचारलं, "भाऊ, ह्या शाळंत आता हेडमास्तर कोन हाय?"

मी म्हणाले, "माझी सून."

तो हसला. "मावशी, घरात नळ आसून तुमी हंडा घिऊन माझ्याकडं आलाय. मूळ रजिस्टर तिच्या कपाटात आसंल की. एक शब्द तर लिवायचाय. शाई जुनी दिसंल आशी मी देतो."

मुलाने कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि चालू लागला. मी मात्र शाईचं विचारून आले.

घरी आल्यावर मी आडपडदा ठेवला नाही. सून भाजी निवडत होती, नात शेजारी बसली होती. मी सांगितलं, असं असं आहे, एक शब्द आहे, लिहून टाक.

सून म्हणाली, "रजिस्टर माझ्या ताब्यात आहे, आत्या. माझं नाही ते."

"खोटं लिवायला सांगते का मी? तो शब्द खरा हाय का न्हाई?"

"खरा आहे. पण मी आज लिहिला की खोटा होतो. पकडलं तर माझी नोकरी जाईल ती जाईल, पोरीचा कागद कायमचा बाद होईल."

"आन् न्हाई लिवलास तर पोरीला काय ऱ्हातंय?"

नात उठून बाहेर गेली. मुलगा उंबऱ्यावर बसून घमेल्याचा वाकलेला काठ ठोकत होता. तो मान वर न करता म्हणाला, "आये, नगं तिला तसलं सांगू." मला वाटलं, दोघंही पगार सांभाळतायत. तसं मी बोलूनही दाखवलं. पुढचे आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. नात कॉलेजातून फोन आला की अंगणात जायची आणि परत आली की कुणाकडे बघायची नाही.

शाळेच्या किल्ल्या सून तांदळाच्या डब्यात ठेवायची. हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं तिला वाटायचं. त्या घरात पन्नास वर्षं तांदूळ मी काढत आले.

पुढच्या रविवारी ती वडिलांना बघायला देहूरोडला गेली. मुलगा कामावर होता. मी किल्ल्या काढल्या, नातीच्या दप्तरातलं पेन घेतलं आणि भर दुपारी शाळेत गेले. कुणी विचारलं तर सांगणार होते की सुनेचा डबा राहिलाय. कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, याचा मला आयुष्यात तेवढाच एकदा उपयोग झाला.

कपाट कुरकुरत उघडलं. रजिस्टरं वर्षांप्रमाणे लावलेली होती, सुनेची शिस्त आहे. मुलाचं वर्ष तिसऱ्या रजिस्टरात सापडलं. त्याचं नाव गुरुजींच्या बारीक तिरक्या अक्षरात होतं, शाई तपकिरी पडलेली. धर्म, बौद्ध. पुढचा रकाना मोकळा. मी पेनचं टोपण काढलं. माझं अक्षर मोठं आणि सरळ आहे, निळं पेन आहे, हे तिथं पानावर बघितल्यावर मला कळलं. घरी हे सुचलं नव्हतं, आणि झाडाखालच्या माणसाची शाई आणायचंही घाईत राहून गेलं होतं.

मग मी वरची ओळ पाहिली. तिथंही बौद्ध आणि पुढे कोरं. त्याच्या वरची तशीच. खालच्या चार तशाच, आणि मागच्या पानावर आणखी एक. आठ पोरं, सगळी आमच्या वस्तीतली. त्या आठवड्यात मालक वस्तीतली पोरं हाताला धरून शाळेत घालत होते, एवढं मला आठवत होतं. त्यांच्या जातीबद्दलही तेच बोलले असतील, हे कधी मनात आलं नव्हतं. आठ घरांतला तो रकाना एका माणसाने कोरा ठेवला होता, आणि तो माणूस माझा नवरा होता.

आठांतला एकच भरलेला, तोही मास्तरणीच्या नवऱ्याचा, आणि निळ्या पेनाने. कुणालाही दिसलं असतं. मी लिहिलं नाही ते त्यामुळे. मनाने चांगली आहे म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर पुढचा विचार असा आला की आठही भरावेत. पेन हातात तसंच होतं.

तेवढ्यात दाराशी सून उभी दिसली. सोमवारी द्यायची एक यादी तिच्या लक्षात आली, तळेगावात उतरून ती परत फिरली होती, आणि तांदळाच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं.

"लिहिलंत?" तिने विचारलं.

"न्हाई."

ती आत आली आणि माझ्या शब्दावर न थांबता तिने पान स्वतः पाहिलं. ओळीवरून बोट फिरवलं, मग वरच्या ओळींवरून, मग खालच्या. रजिस्टर मिटून ती पोरांच्या बाकावर बसली.

"तुम्ही लिहिलं असतं, तर उद्या मी वर कळवलं असतं. तुमचं नाव घेऊन."

मला राग आला. पण ती खरंच कळवेल हे मला दिसत होतं. वीस-पंचवीस वर्षं एका घरात राहून मी तिला पगारी बाई समजत होते. पगार सांभाळायचा असता तर तिने सासूचं नाव झाकलं असतं. वर कळवल्यावर तिच्याच कपाटाची चौकशी झाली असती.

मग ती उठली आणि एक कच्ची वही घेऊन आली. म्हणाली, शाळेचं सोडा. त्याच्याआधीचं काय आठवतं ते सांगा. आबांचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे भाऊ. मी सांगत गेले, ती वंशावळ काढत गेली. वर एक बाप्या, त्याच्या खाली तीन बाप्ये, त्यांच्या खाली त्यांची पोरं. पान भरलं तेव्हा मी म्हणाले, ह्यात तू कुटं हायेस? मी कुटं हाय? ती म्हणाली, आपण नसतो यात, आत्या. सांगणारी मी, लिहिणारी ती, आणि पानावर दोघी नाहीत.

तिने विचारलं, आबा कोणत्या साली जन्मले. मतदानाच्या कार्डावरचं साल मी सांगितलं. तिने समजावलं की पूर्वी गावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू एका वहीत लिहिला जायचा, तिला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जातही लिहायचे. वडगावला कचेरीत ती जुनी दप्तरं आहेत. साल बरोबर असलं तर नोंद सापडेल.

सापडली नाही. मुलगा रोज बुडवून तीनदा गेला. त्या सालात नव्हती, मागच्या सालात नव्हती, पुढच्या सालात नव्हती. दप्तरवाला म्हणाला, नुसत्या अंदाजाने सगळे गठ्ठे सोडता येणार नाहीत, नेमकं साल आणा. तोवर गणपती बसून उठले होते.

साल मला माहीत नव्हतं. पण सासूचं एक रडगाणं माहीत होतं. मालक जन्मले त्याच दिवशी वरच्या आळीतली मोठी म्हातारी गेली. माझे आजेसासरे गावकीचं काम करायचे. मयताचा सांगावा गावोगाव पोचवायचा तो त्यांनी, आणि कुणाच्या घरी जन्म-मृत्यू झाला ही खबर चावडीवर द्यायची तीही त्यांनी. नातवाचं तोंड न बघता ते सांगावा घेऊन निघाले. सासरे तेव्हा देहूरोडला, लढाईच्या दिवसांत डेपो बांधत होते तिथं दगड फोडायला गेलेले. घरात ओली बाळंतीण आणि भाकरी टाकायला कुणी नाही. सासूने हे मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी ऐकणं सोडून दिलं होतं. आता ते कामाला आलं. आमच्या जन्माची तारीख कुणी जपली नव्हती, पण वरच्या आळीच्या म्हातारीच्या नावावर जमीन होती. जमीन असलेलं माणूस मेलं की त्याची तारीख कागदावर राहते.

मी वरच्या आळीत गेले. घरातला कर्ता माणूस माझ्याच वयाचा, आता बाजेवर पडून असतो. त्यांच्या खाचरात मी तीस वर्षं लावणी केली. त्याने बसायला सांगितलं, मी ओट्याच्या कडेला बसले आणि काय हवं ते सांगितलं.

तो म्हणाला, "म्हंजी आमची आजी मेली म्हनून तुजा नवरा जलमला, आसं म्हन की."

"त्याच दिशी जलमला. आजी तिच्या मरनानं मेली."

तो हसला, मग हसायचा थांबला. "इतकी वर्सं म्हनताय, आमी बौद्ध झालो, जात सोडली. आन् आता तीच हुडकाया माज्या दारात आलीस व्हय?"

वाटलं, उठून जावं. पण उठले असते तर नात घरी बसली असती. मी म्हणाले, "तुमच्या आजीचा सांगावा माझ्या आजेसासऱ्यानं पाच गावं नेला. घरी नातू झालता, त्याचं त्वांड बघितलं न्हाई. त्या दिसाचा कागद मागाया आले. द्यायचा आसंल तर द्या."

त्याने स्वतःच्या सुनेला हाक मारून ट्रंक काढायला लावली. कागद स्वतः चाळले, चष्मा दोनदा पुसला. वारसाच्या फेरफाराचा कागद निघाला, त्यात म्हातारीच्या मृत्यूची तारीख होती. कार्डावरच्या सालाच्या चार वर्षं आधीची. "झेरॉक्स काडून मूळ माघारी आन," तो म्हणाला. "उद्याच आन." मी दुसऱ्या दिवशी सकाळीच परत दिला.

याच दिवसांत आणखी एक अडचण आली. प्रतिज्ञापत्रासाठी मुलाचा अंगठा मशीनवर घ्यायचा होता आणि मशीन तो घेईना. दगडाने त्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. दहाही बोटं झाली, पुसून झाली, तेल लावून झालं. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, काका, तुमचं बोट म्हणजे कोरी पाटी आहे. सुनेने डोळ्यांचं मशीन आहे का विचारलं. ते दुसऱ्या केंद्रावर होतं, तिथं दोन दिवसांनी झालं. ते दोन दिवस मुलगा जेवताना सारखे स्वतःचे हात बघायचा.

कचेरीत आम्ही तिघं गेलो. वही मोडी लिपीतली, ती वाचायला एक गृहस्थ बोलावले होते. आधी त्यांनी मृत्यूचं पान काढलं. वरच्या आळीची म्हातारी सापडली, तारीख फेरफाराशी जुळली. सुनेने माझा हात धरला. मग जन्माचं पान काढलं. त्या तारखेला आमच्या घरचा जन्म नव्हता. दुसऱ्या दिवशी नव्हता. तिसऱ्या दिवशी शिंप्याच्या घरची मुलगी होती. गृहस्थांनी चष्मा काढला आणि म्हणाले, नाही दिसत.

मुलगा उठायला लागला. मी म्हणाले, "म्होरं बघा. खबर देनाराच गावात नव्हता. पाच गावं चालून आल्यावर त्यानं सवडीनं दिली आसंल."

ते पुढे वाचत गेले. नवव्या दिवशी नोंद निघाली. बापाच्या जागी माझ्या सासऱ्यांचं नाव. जात महार. मुलगा. खबर देणार म्हणून आजेसासऱ्यांचं नाव आणि खाली अंगठा. गृहस्थांनी ते एका सुरात वाचलं, त्यांच्यासाठी ती रोजची ओळ होती. मुलगा वाकून अंगठा बघत होता. त्याने विचारलं, "ह्यो कोनाचा?" सुनेने सांगितलं, तुमच्या पणजोबांचा. "रेगा चांगल्या उठल्यात," तो म्हणाला.

नक्कल मिळाली, अर्ज गेला, चौकशी झाली. चौकशीला आलेल्या माणसाला मी वंशावळ तोंडपाठ सांगितली, त्याने कागदाशी ताडून पाहिली आणि एकही नाव चुकलं नाही. तरी कागद येईना. नातीच्या कॉलेजातून दोनदा विचारणा झाली. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस होते तेव्हा कागद आला आणि सून त्याच दिवशी रजा टाकून तो कॉलेजात देऊन आली. नात आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला येते आणि माझं ब्लडप्रेशर मोजते, नको म्हटलं तरी.

बाकीच्या सात घरांना सुनेने बोलावून सांगितलं की त्यांचेही रकाने कोरे आहेत. तिघांनी आमच्यासारखेच कागद काढायला घेतले. एकाने मालकांना शिव्या दिल्या, माझ्यासमोर. त्याच्या मुलाची नोकरीची संधी त्यापायी हुकली होती. मी ऐकून घेतल्या. त्या शिव्या योग्य माणसाला होत्या, फक्त तो ऐकायला नव्हता.

यंदा जूनमध्ये सुनेने मुलाला शाळेत बोलावलं. आता पडताळणी झाली होती, वरून हुकूम आणून त्याचा रकाना कायद्याने भरता येणार होता. त्याच्या सहीचा अर्ज लागत होता. मीही गेले. कामावरून तो तसाच आला, अंगावर सिमेंट, आणि सून शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिच्या शाळेच्या फाटकातून आत आला. पोरं त्याच्याकडे बघत होती. सुनेने रजिस्टर उघडून त्याची ओळ दाखवली. त्याने स्वतःचं नाव वाचलं, मग मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मला आता कुटं दाखला लावायचाय?" तो म्हणाला. "पोरीचं झालं. ह्ये राहू दे आबाचं."

सुनेने त्याला दोनदा विचारलं. तो दोनदा तेच म्हणाला. मग त्याने जन्मतारखेवर बोट नेलं. "ह्यो एक जून तेवढा बदलतो का बघ. सबंध गावाचा वाडदिवस एकाच दिशी येतोय."

सून हसली आणि तिने रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. कपाटाची किल्ली ती आता तांदळाच्या डब्यात ठेवत नाही. कुठे ठेवते ते मला माहीत नाही.